शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही? आधी पत्ता, मग दार, मग किल्ली

आमच्या घरातल्या जुन्या अल्बमचे स्कॅन केलेले फोटो बाबांच्या डेस्कटॉपवर आहेत आणि मी ते माझ्या लॅपटॉपवर बसून नीट नावं देऊन लावते. राउटर बदलला त्या दिवसापासून ते फोल्डर उघडेना. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. दोन्ही मशीनवर विंडोज आहे, त्यामुळे खालचं सगळं विंडोजचंच.

सर्वांत आधी एक सवय सोडा. एक्सप्लोररमधल्या 'नेटवर्क'च्या यादीत दुसरा कॉम्प्युटर दिसतो का, यावर विसंबू नका. यादीत नाव येणं हे एक काम आणि फोल्डर उघडणं हे वेगळंच काम. यादीत नसलेला कॉम्प्युटरही व्यवस्थित उघडतो. म्हणून डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड) चालवा, त्यातला 'आयपीव्ही४' असं लिहिलेला पत्ता कागदावर लिहून घ्या आणि लॅपटॉपच्या एक्सप्लोररमध्ये वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन तोच पत्ता टाका: \\१९२.१६८.१.७ असा (आकडे अर्थातच इंग्रजीत). आता काय होतं ते नीट वाचा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

'पाथ सापडला नाही' असं आलं, तर पासवर्डच्या मागे लागू नका. गोष्ट तिथवर पोचलेलीच नाही. दोन्हीकडचे पत्ते शेजारी ठेवून बघा. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर बहुतेक घरात एकामागे एक दोन राउटर आहेत आणि दोन मशीन दोन वेगळ्या नेटवर्कवर बसली आहेत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. लॅपटॉप 'गेस्ट' वाय-फायवर असेल, तर राउटर मुद्दामच त्याला घरातल्या बाकीच्या मशीनपासून लांब ठेवतो. व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसरीकडून वळवणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर तेही बंद करून बघा.

पत्ते जुळत असतील तर दाराकडे वळा. आमचं घोडं इथेच अडलं होतं. नवा राउटर म्हणजे विंडोजच्या लेखी नवं नेटवर्क, आणि अनोळखी नेटवर्कला ते बहुधा 'पब्लिक' ठरवून फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) आवळून घेतं. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' निवडा आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू आहे ना ते पाहा. पिंगला (दुसरं मशीन उत्तर देतं का हे बघणाऱ्या कमांडला) उत्तर आलं नाही म्हणून घाबरू नका, फायरवॉल पिंगही अडवतो. खरी परीक्षा ४४५ क्रमांकाच्या पोर्टची, म्हणजे फाइल शेअरिंग ज्या दारातून चालतं त्याची. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड इंग्रजीत टाइप करून डेस्कटॉपचा पत्ता आणि पोर्ट ४४५ द्या. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं की दार उघडं आहे.

दोन उपाय लोक हमखास सुचवतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. फायरवॉल कायमचा बंद करू नका. आणि एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करू नका. हिच्यातली त्रुटी वापरून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला होता, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून तिचा फोल्डर शेअर करणारा भाग नव्या इन्स्टॉलमध्ये मुळात येतच नाही. दोन्ही मशीन आजची असतील तर तिची गरजही नाही.

पासवर्डची खिडकी आली तर आनंद माना, नेटवर्क ठीक आहे. इथे माझी दुसरी संध्याकाळ गेली. बाबा रोज चार आकडी पिन टाकून डेस्कटॉप उघडतात, म्हणून मीही तोच पिन टाकत राहिले. पिन फक्त त्या मशीनसमोर बसलेल्या माणसासाठी असतो. नेटवर्कवरून तो चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. पासवर्ड नसलेलं खातं तर नेटवर्कवरून आत येऊच शकत नाही. मी शेवटी डेस्कटॉपवर या कामापुरतं एक वेगळं लोकल (फक्त त्या मशीनपुरतं) खातं केलं, त्याला चांगला पासवर्ड दिला आणि तेच नाव लॅपटॉपवर वापरलं. यापेक्षा सुटसुटीत मार्ग मला तरी सापडलेला नाही. आधी चुकीचा पासवर्ड सेव्ह झाला असेल, तर लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तो काढून टाका.

फोल्डर उघडतं पण सेव्ह होत नाही, ही परवानगीची गोष्ट. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' अशी दोन पानं आहेत, आणि दोन्हींपैकी जे जास्त कडक ते लागू होतं. 'सिक्युरिटी'मध्ये पूर्ण परवानगी असूनही शेअरिंगमध्ये फक्त 'रीड' असेल, तर फोटो दिसतील, नाव बदलता येणार नाही. त्या नव्या खात्याला दोन्हीकडे बदल करायची परवानगी द्या.

सगळं चालू झालं की राउटरमध्ये डेस्कटॉपचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर काही दिवसांनी तो बदलेल आणि पुन्हा 'पाथ सापडला नाही' येईल. डेस्कटॉप स्लीपमध्ये गेला तरी हाच मेसेज येतो. मी बाबांना सांगून त्याची स्लीपची वेळ वाढवून घेतली.