बारावीचं अर्थशास्त्र: आधी आकडे, मग आकृती, व्याख्या शेवटी

राज्य मंडळाच्या बारावीला अर्थशास्त्र घेणारी बरीच मुलं पहिल्या आठवड्यापासून व्याख्या घोकायला बसतात. पेपरात मात्र उदाहरण देऊन संकल्पना ओळखायला सांगतात, विधान देऊन सहमत आहात का ते सकारण विचारतात. तिथे घोकंपट्टी पुरत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक प्रकरणात आधी आकडे मांडा, त्यांची आकृती काढा आणि व्याख्या सगळ्यात शेवटी लिहा.

पायरी १: उपयोगिता, मागणी, लवचिकता, पुरवठा सलग करा

ही प्रकरणं सुटी वाचू नका. सीमांत उपयोगिता, म्हणजे आणखी एक नग वापरल्याने मिळणारं जादा समाधान, नगागणिक घटत जाते, म्हणून पुढच्या नगासाठी गिऱ्हाईक कमीच पैसे मोजायला तयार असतं. मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली का उतरतो, ते इथेच कळतं.

पायरी २: आकृती हाताने काढा

य अक्षावर किंमत, क्ष अक्षावर नगसंख्या. अक्षांना आणि वक्राला नावं द्या. मग स्वतःला विचारा: काय बदललं? फक्त त्याच वस्तूची किंमत बदलली असेल, तर त्याच वक्रावर वरखाली सरकायचं. हा विस्तार किंवा संकोच. उत्पन्न, आवड किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलली, तर अख्खा वक्रच जागा सोडतो. ती वृद्धी किंवा ऱ्हास. चहा महागल्यामुळे कॉफी जास्त खपली, तर कॉफीच्या मागणीत वृद्धी झाली. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, तेव्हा अशी दहा-बारा उदाहरणं स्वतः तयार करा.

पायरी ३: लवचिकता कांद्यावर शिका

किंमत बदलल्यावर मागणी किती प्रमाणात बदलते, ती लवचिकता. समजा, कांदा २० रुपयांवरून २५ रुपये किलो झाला, म्हणजे २५ टक्के वाढ. एका खाणावळीची खरेदी ४० किलोंवरून ३६ वर आली, म्हणजे १० टक्के घट. १० भागिले २५, लवचिकता ०.४. एकापेक्षा कमी, म्हणून मागणी कमी लवचिक. एकूण खर्च पद्धतीनेही पडताळा: खर्च ८०० वरून ९०० झाला. किंमत वाढल्यावर खर्चही वाढला, म्हणजे मागणी कमी लवचिकच.

आता हेच शेतकऱ्याच्या बाजूने बघा. बाजारात माल वाढला की भाव कोसळतो, पण लोक काही दुप्पट कांदा खात नाहीत. पीक भरघोस येऊनही हातात कमी पैसे पडतात ते यामुळे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, बाहेर जाणारा माल देशातच राहणार हे दिसलं आणि नाशिक जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर उतरले. त्या संतापामागचं गणित तुमच्या वहीत आहे.

पायरी ४: निर्देशांक घरच्या किराण्यावर काढा

समजा, तांदूळ ५० वरून ५५, तूरडाळ १२० वरून १५०, तेल १३० वरून १४३ रुपये झालं. बेरीज ३०० वरून ३४८, म्हणून साधा निर्देशांक (जुने भाव १०० धरले तर नवे किती) ११६. आता आधारवर्षातली, म्हणजे जुन्या भावांच्या वर्षातली खरेदी धरा: तांदूळ १० किलो, डाळ २ किलो, तेल ४ लिटर. खर्च १२६० वरून १४२२, म्हणजे आधारवर्षातल्या खरेदीचा भार देणारा लासपेअरचा निर्देशांक सुमारे ११३. डाळ सर्वाधिक महागली, पण ती घरात येते थोडी. भार का द्यायचा, ते आता वेगळं पाठ करावं लागणार नाही.

पायरी ५: शेवटची प्रकरणं बातम्यांसोबत वाचा

सार्वजनिक वित्त, नाणे बाजार, परकीय व्यापार. केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, तेव्हा परीक्षा तोंडावर असते. म्हणून अकरावी संपताना आलेलाच अभ्यासाला घ्या. रेपो दराची (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते, तो दर) बातमी आली की कात्रण वहीत चिकटवून शेजारी संकल्पनेचं नाव लिहा.

पायरी ६: घड्याळ लावून लिहा

लेखी पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास. उरलेले २० अंतर्गत. नुसती आकृती काढून पुढे जाऊ नका. ‘किंमत प वरून प१ झाल्यावर मागणी न वरून न१ झाली’ असं तिच्यातली अक्षरं वापरून लिहा. सहमत-असहमतच्या प्रश्नात पहिल्याच ओळीत बाजू सांगा, कारणं त्यानंतर.