काळी दोनचा हट्ट

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, नव्यानं गायला-वाजवायला बसणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय. सरगम येते, केरवा-दादरा कळतो, उपासनेचा क्रम ठाऊक आहे असं धरून चालतो. तेवढंही येत नसेल तर आधी ते करा, मग या.

माझं वय बहात्तर. पंधराव्या वर्षी जालना जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात पेटीवर बसलो, तो अजून उठलो नाही. पोटासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. म्हणजे सहा दिवस पोरांवर ओरडायचं आणि सातव्या दिवशी त्याच गळ्यानं देवाची स्तुती करायची. गळा एकच असतो, हे कळायला मला एक्केचाळीस वर्षं लागली.

माझी चूक एकच, पण ती वीस-बावीस वर्षं दर रविवारी केली. मी सगळं काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून, गायचो. ज्यांच्याकडे शिकलो त्यांची पट्टी काळी दोन होती, म्हणून माझीही. खाली उतरणं म्हणजे कमीपणा, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच सगळे फसतात. पट्टी ठरवताना आपण सा बघतो. सा आरामात लागला की म्हणतो, जमलं. सा कुणालाही लागतो हो! बघायचा असतो गाण्यातला सगळ्यात वरचा सूर. चाल तार षड्जापाशी, म्हणजे वरच्या सा पाशी, थांबत असेल तर काळी दोन चालून जाईल. पण अंतरा, म्हणजे ध्रुवपदानंतरचा वर चढणारा भाग, तार गंधाराला, वरच्या ग ला, जात असेल, तर काळी दोनमध्ये तो गंधार येतो वरच्या पांढरी पाचवर. शेतातून, घरकामातून उठून आलेल्या माणसाचा गळा तिथं जात नाही. तो एकतर गप्प बसतो नाहीतर किंचाळतो. तेच गाणं पांढरी सातमध्ये घ्या, खालच्या. गंधार काळी दोनवर येतो आणि सगळी मंडळी तोंड उघडते. फरक फक्त चार सुरांचा. मग खालचा सूरही तपासा, मंद्रात, खालच्या सप्तकात, पार बुडत नाही ना ते बघा. वरचा आणि खालचा दोन्ही जिथं बसतात ती त्या गाण्याची पट्टी. तुमची नव्हे, गाण्याची. आणि त्या दिवशी समोर बसलेल्या लोकांची.

आपल्या मंडळ्यांत हा घोळ जास्त होतो, कारण आपण दोन्हीकडचं गातो. परदेशी चालींची गीतं बहुतेक एका सप्तकाच्या आसपास फिरतात. आपल्या भजनी चाली मात्र अंतऱ्याला सरळ वर चढतात. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक अभंग-ओवी सोबत घेऊनच आले, म्हणून आपल्याला आपल्या छंदात गाता येतं. त्यांचं ऋण मोठंच. पण अभंगाला आणि परदेशी गीताला एकच पट्टी लावू नका.

आता माझं काय झालं ते. 1994 चा डिसेंबर. आठ दिवस रोज रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कॅरल राउंड, म्हणजे नाताळची गाणी गात फिरणं, वर आभाळ, अंगाला बोचणारी थंडी, दिवसा शाळा. आवाज बसला होता. ज्येष्ठमध, मिरी, खडीसाखर सगळं तोंडात धरून झालं. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, रियाज वाढव, मोकळा होईल. मीही ऐकलं. नाताळच्या सकाळी, भरल्या मंडळीत, दुसऱ्या गीताच्या अंतऱ्याला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. घोगरा नाही, चिरका नाही, आवाजच नाही.

हात सवयीनं काळी दोनमध्ये वाजवतच होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गाणं पुढं निघालं. पण पेटीला ते जुळेना. त्या खाली खाली उतरत गेल्या आणि त्यांना झेपेल तिथं थांबल्या. मी भाता सोडला. पेटीशिवाय, नुसत्या टाळांवर आख्खी मंडळी गात होती. मी मंडळीला इतकं मोठ्यानं गाताना त्याआधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? माझाच आवाज कानात असायचा.

उपासना संपल्यावर एक आजी जवळ आल्या. अक्षर ओळख नाही, गीतं मात्र शंभरावर पाठ. म्हणाल्या, "लेकरा, तू लई वर जायलास. आमाला कुठं येता येतंय तितं?" इतकी वर्षं का बोलल्या नाहीत म्हटलं, तर हसल्या आणि चपला शोधायला लागल्या.

औरंगाबादला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना गाठी, साध्या, ओरडून झालेल्या. सहा आठवडे बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानंही ताण पडतो. मी फळ्यावर लिहून शाळा घेतली. पुढं आवाजाचे व्यायाम, आणि नीट गायला लागायला वर्ष गेलं. घाबरू नका, अशा गाठी बऱ्याचदा विश्रांतीनं आणि व्यायामानं बसतात, दरवेळी ऑपरेशन लागत नाही. पण आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर ज्येष्ठमध बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. आणि आज गळा कसा आहे हे कधीच न विचारणारा गुरू असेल, तर त्याला नमस्कार करा आणि दुसरा शोधा. मला हे लिहिताना अजून जड जातं, कारण त्यांनी शिकवलं नसतं तर मी कोण होतो? पण लिहितोच.

कीबोर्डवाल्यांना एक. ते ट्रान्सपोजचं, आपोआप पट्टी बदलणारं, बटण विसरा. पांढरी सातमध्ये पाचही काळ्या लागतात म्हणून तुम्ही बटण दाबता आणि बोटं कायमची पांढरी एकमध्येच राहतात. लाइट गेली की मंडळी पेटीकडे बघते आणि तुम्ही छताकडे.

पैशाचं थोडक्यात. पाकीट मिळेल, कधी नारळही मिळणार नाही. नोकरी सोडू नका.

साठीनंतर काय होतं तेही ऐकून ठेवा. दम आखडतो, ओळ मध्येच तुटते. वरचे दोन-तीन सूर निघून जातात. कवळी बसवली तेव्हा महिनाभर "स्तुती"तला स शिट्टी मारायचा आणि पुढच्या बाकावरची पोरं तोंड दाबून हसायची. टाळांची बारीक किणकिण मला आता ऐकू येत नाही, पोराच्या हाताकडे बघून ताल धरतो. वाईट वाटतं. पण पट्टी उतरवायची सवय आधीच लागली होती म्हणून आज गातो तरी आहे. माझ्या बरोबरीचे, माझ्याहून तयार गळ्याचे दोघं केव्हाच गप्प झाले.

यंदा पिकाच्या उपकारस्तुतीला पेटीवर नातीला बसवलं. तिनं विचारलं, "आबा, कोणती घेऊ?" मी म्हटलं, मला नको विचारू, तिकडं विचार. ती उठून बायकांच्या बाकापाशी गेली, दोघीतिघींकडून अंतरा हळूच म्हणवून घेतला आणि परत येऊन पांढरी सहा धरली. मी पांढरी सात धरली असती.