जुन्या एस्टीमची चासी घट्ट करायची तर आधी गंज, मग टाके, बार सगळ्यात शेवटी

आमच्याकडे उद्यमनगरात जुनी मारुती एस्टीम घेऊन आलेला पोरगा पहिल्यांदा स्ट्रट बारच मागतो, म्हणजे इंजिनावरून दोन्ही बाजूंच्या शॉकअपची वरची टोकं जोडणारा आडवा दांडा. बॉनेट उघडलं की दिसतो, लगेच बसतो, त्यामुळे मोह होतो. मी आधी गाडी सपाट फरशीवर लावायला सांगतो. मागची एक बाजू जॅक-पॉइंटवर हळूहळू उचलायची आणि त्याच बाजूचा मागचा दरवाजा उघडून मिटून बघायचा. दरवाजा घासतोय, लॉक जागेवर बसत नाही, फट वर अरुंद आणि खाली रुंद झालीय, तर बॉडी पिळवटतेय. अशा गाडीत बार टाकणं म्हणजे पैसे वाया.

एस्टीम 1994 साली आली. 1298 सीसीचं इंजिन, 1999 नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या) मॉडेलात 85 बीएचपी आणि वजन टनाच्या आत, म्हणून रॅलीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. पण ती हलकी आहे ती पत्रा पातळ असल्यामुळे. जिप्सीसारखी खाली वेगळी लॅडर चासी तिला नाही. फ्लोअर, दरवाजाखालची पोकळ पट्टी म्हणजे रनिंग बोर्ड, इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे अ‍ॅप्रन, छत पेलणारे पिलर हे स्पॉट वेल्डने जोडलेले पत्रे, तीच तिची चासी. वर्षानुवर्षं खड्डे खाऊन हे जोड सैलावतात, आत पाणी शिरतं. त्यावर कडक स्प्रिंग टाकले की स्प्रिंगऐवजी बॉडीच वाकू लागते, मग अलाइनमेंट कितीही वेळा करा, वळणावर गाडी एका रेषेत बसत नाही.

म्हणून पहिला दिवस गंजाचा. कार्पेट आणि सीट बाहेर काढा. रनिंग बोर्डाची खालची कड, जॅक-पॉइंट, मागच्या चाकांच्या कमानी, शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं त्या टॉवरचा माथा आणि पायाखालचा फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. कोकणात किनाऱ्यालगत राहिलेली गाडी असेल तर वरून चकाचक दिसली तरी विश्वास ठेवू नका. टोक आत गेलं की पांढरा स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापायचं. नवा पत्रा मूळ जाडीचाच घ्या, व्हर्नियरने मोजून. गंजावर ठिगळ मारून वर पुट्टी भरणारा डेंटर तुमच्या जिवाशी खेळतोय, त्याच्याकडे गाडी देऊ नका.

वेल्डिंगआधी मापं घ्या. गाडी चार स्टँडवर समपातळीत ठेवा, सस्पेन्शनच्या मुख्य बोल्टांपासून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा आणि तिरकी अंतरं ताडून बघा. डावं-उजवं जुळत नसेल तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे. आधी ती बॉडी ओढून सरळ करायच्या बेंचवर सरळ करून घ्या, नाहीतर वाकडेपणाच कायमचा पक्का होईल. दरवाजे जागेवरच राहू द्या, फट बदलली की लगेच कळते. दोन्ही रनिंग बोर्ड एकदम कधीच कापायचे नाहीत. पेट्रोलची टाकी आणि पाइप उतरवा, बॅटरी, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि अल्टरनेटरची जोडणी सोडा, अग्निशामक हाताशी ठेवा.

मग पत्र्यांच्या जोडांवर वेल्डचे टाके. गोधडीला धावदोरा घालतात तसे हे घालायचे: साधारण 25 मिलिमीटर वेल्ड, 50 मिलिमीटर मोकळी जागा, पुन्हा वेल्ड. सलग वेल्ड मारलं तर उष्णतेने पत्रा ताणला जातो आणि वेल्डच्या कडेला चिरा पडतात. जोडावरचं जुनं सीलंट आधी पूर्ण खरवडा, ते जळालं की वेल्डमध्ये छिद्रं राहतात. मशीन मिगचं (वायर आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग), 0.8 मिलिमीटरची वायर. गॅस आर्गॉन-सीओटू मिश्रण असला तर पातळ पत्र्याला भोकं कमी पडतात. एक टाका डावीकडे, पुढचा उजवीकडे, मध्ये पत्रा निवू द्या. टॉवर ते अ‍ॅप्रन, अ‍ॅप्रन ते फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पडदा), पुढच्या पिलरची मुळं, दरवाजांच्या चौकटी आणि मागचे टॉवर या जागा महत्त्वाच्या. मात्र पुढच्या टॉवरच्या पुढे, बंपरकडे जाणाऱ्या अ‍ॅप्रनला हात लावू नका. धडकेत तो भाग चुरगळायलाच हवा, तो कडक केला की धक्का थेट माणसांपर्यंत येतो.

काम झाल्यावर टाके ग्राइंडरने सपाट करू नका, ताकद तिथेच आहे. झिंक प्रायमर, वर सीम सीलर, आणि रनिंग बोर्डाच्या पोकळीत मेण मारा. पावसाळ्याच्या तोंडावर हे टाळलंत तर सगळी मेहनत आतून कुजेल.

आता बार. सांधे नसलेला, एकसंध घ्या. गाडी चारही चाकांवर उभी असताना बसवा आणि बोल्ट ओढून-ताणून जागेवर आणू नका.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर माणसं वाचावीत म्हणून आत बसवलेला पाइपांचा पिंजरा, रस्त्यावरच्या गाडीत नको. हेल्मेट नसताना डोकं त्या पाइपावरच आपटतं. शिवाय मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं बंधन आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलंय. त्यामुळे मोठं काम काढण्याआधी आरटीओत विचारा. गाडी फक्त स्पर्धेसाठी असेल तर केज हवाच, पण एफआयए या मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मापाचा: मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेला, बिनजोडाचा) पाइप, 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2 मिलिमीटर, आणि पायाखाली किमान 3 मिलिमीटरची, 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट. फर्निचरचा ईआरडब्ल्यू, म्हणजे लांबीला वेल्ड करून जोडलेला पाइप चालत नाही.

शेवटी अलाइनमेंट नव्याने करून घ्या. पहिले काही शे किलोमीटर चालल्यावर टाक्यांजवळच्या रंगाला केसासारखी चीर पडलीय का, टॉर्च घेऊन बघा. चीर दिसली तर तिथला रंग खरवडून टाका तपासा, आणि तो तपासेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.