वजनाला लावलेला पाय : अस्थिरोग विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगली जिल्ह्यातील एका रुग्णालयात अस्थिरोग विभागाची निवासी डॉक्टर म्हणून मी रुजू झाले, तेव्हा उसाचा गळीत हंगाम भरात होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून मांडीचे हाड मोडलेला बीडकडचा एक तोडणी कामगार दाखल झाला. शस्त्रक्रियेची यादी भरलेली असल्याने त्याचा पाय वजनाला लावला, म्हणजे हाड ताणलेले राहावे म्हणून पायाला कप्पीवरून दोरीने वाळूच्या पिशव्यांचे वजन टांगले, आणि पुढचे चार दिवस मी त्याच्या केसपेपरवर केवळ ‘प्रकृती स्थिर’ असे लिहीत राहिले. पाचव्या दिवशी वॉर्डातील मामांनी मला खाटेजवळ नेले. रुग्ण पायथ्याकडे घसरला होता, वाळूच्या पिशव्या जमिनीला टेकल्या होत्या आणि पायावरचा ताण केव्हाच संपला होता. नव्या एक्स-रेमध्ये हाडाची टोके एकमेकांवर चढलेली दिसली. ती चूक सर्वस्वी माझी होती आणि वजनाला लावलेला पाय हा उपचार सुरू असलेला पाय असतो, हे मला तिथे कळले.

मांडीच्या हाडाभोवतीचे स्नायू शरीरातील सर्वांत बळकट स्नायूंपैकी आहेत. हाड मोडताच ते तुकड्यांना एकमेकांवर ओढतात, पाय आखूड होतो आणि त्वचा न फाटताही आतल्या आत एक ते दीड लिटर रक्त साठू शकते. म्हणून रुग्ण येताच आधी नाडी आणि रक्तदाब पाहावा, सलाईन सुरू करावे, पायाला थॉमस स्प्लिंटचा (मांडीपासून पायापर्यंतच्या धातूच्या चौकटीचा) आधार द्यावा आणि मगच एक्स-रेला पाठवावे. त्या एक्स-रेत खुबा आणि गुडघा दोन्ही दिसलेच पाहिजेत, कारण मांडीच्या ठळक फ्रॅक्चरमागे खुब्याच्या मानेची बारीक भेग सहज निसटते.

ताण देण्यासाठी नडगीच्या वरच्या टोकातून स्टाइनमन पिन, म्हणजे हाडातून आरपार जाणारी धातूची जाड सळई, घालतात. ती बाहेरच्या बाजूने आत घालावी, म्हणजे तिथल्या मज्जातंतूला इजा होण्याचा धोका टळतो. प्रौढ माणसाला साधारणपणे त्याच्या शरीराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतके वजन लागते आणि खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवल्या की रुग्णाचे स्वतःचे वजनच उलट ताण देते. यापुढचे काम रोजचे आहे आणि ते सिस्टरांवर सोपवून मोकळे होऊ नये. वजन अधांतरी लोंबते आहे का, दोरी कप्पीवरून उतरली आहे का, पिनभोवती पू किंवा लाली आहे का, टाचेवर आणि माकडहाडावर कातडी लाल झाली आहे का, हे सारे प्रत्यक्ष हात लावून पाहावे. रुग्णाला पंजा वर उचलायला सांगावे. तो उचलता आला नाही तर पाय बाहेर वळून पोटरीच्या हाडाच्या डोक्यापाशी दाब येत आहे का, ते लगेच तपासावे. दोन्ही पायांची लांबी टेपने मोजून केसपेपरवर लिहिण्याची सवय मला त्या पाचव्या दिवसानंतर लागली.

पुढे मलावीतील एका जिल्हा रुग्णालयात मी तीन महिने काम केले. तिथे बहुतेक फ्रॅक्चरचा उपचार डॉक्टर नसलेले, पण खास प्रशिक्षण घेतलेले ऑर्थोपेडिक क्लिनिकल ऑफिसर करतात आणि प्रौढांसाठी पर्किन्स पद्धतीने ताण देतात. त्यांच्या हाताखाली मी जे शिकले, ते मला कोणत्याही परीक्षेने शिकवले नव्हते. या पद्धतीत पायाला स्प्लिंट नसते. सुरुवातीच्या वेदना ओसरल्या की खाटेचा खालचा भाग बाजूला करून रुग्ण रोज गुडघा वाकवतो आणि वॉर्डातले सगळे जण तो व्यायाम एकाच वेळी करतात. त्यामुळे गुडघा आखडत नाही. तरीही माणूस सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ खाटेला खिळलेला राहतो. त्याची पत्नी शेत सोडून वॉर्डाबाहेर चूल मांडते आणि घरची कमाई थांबते. म्हणूनच वजन लावण्याचे कौशल्य मला मोलाचे वाटत असले, तरी जिथे निर्जंतुक शस्त्रक्रिया शक्य आहे तिथे प्रौढाच्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा रॉड टाकणेच योग्य, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया सुरू असताना एक्स-रे दाखवणारे यंत्र, हवेच असे नाही. अमेरिकन सर्जन लुईस झर्कल यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘साइन’ संस्थेचा भरीव रॉड बाहेरच्या मार्गदर्शक दांड्याच्या आधारे सी-आर्मशिवाय लॉक करता येतो, म्हणजे आडव्या स्क्रूंनी हाडात पक्का बसवता येतो. संस्था गरीब देशांतील रुग्णालयांना हे रॉड विनामूल्य देते आणि मोबदल्यात प्रत्येक रुग्णाची नोंद आणि एक्स-रे मागते. पाठपुराव्यात रुग्णाचा उकिडवा बसून हसतानाचा फोटोही असतो. आपल्याकडे तर उकिडवे बसता येणे हेच कामावर परतण्याचे पहिले लक्षण असल्यामुळे मला ही कसोटी फार पटली.

आपल्या भागात अडचण अनेकदा रॉडची नसते, कागदांची असते. सरकारी मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत (पूर्वीची जीवनदायी) रुग्ण बसवायचा तर रेशनकार्डासारखी कागदपत्रे मागतात आणि तोडणी कामगाराचे कार्ड गावी पेटीत असते. ते मागवायला पहिल्याच संध्याकाळी नातेवाइकांना सांगावे.

त्या कामगाराचे वजन वाढवल्यावर पायाची लांबी परत मिळाली आणि बाराव्या दिवशी रॉड टाकला गेला. सहा महिन्यांनी तो ओपीडीत आला आणि बाकाचा आधार घेऊन उकिडवा बसला, पण गुडघा अजून पुरता दुमडत नव्हता. ‘मॅडम, यंदा कोयत्याची उचल घ्यावी का?’ असे ऊसतोडीच्या आगाऊ रकमेबद्दल त्याच्या पत्नीने विचारले. मी एक्स-रे पुन्हा प्रकाशात धरला आणि आणखी तीन महिने थांबायला सांगितले.