प्रायमर, बूड आणि बोल्ट : हाताने भरलेल्या काडतुसातला दाब कसा ओळखावा

रायफलचे काडतूस उडते तेव्हा त्याच्या पितळी पुंगळीच्या आत किती दाब तयार होतो? .३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकेतील ‘सामी’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने घातलेली मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ दोन हजार पट. हा दाब मोजायला प्रयोगशाळेत चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या ज्या भागात काडतूस बसते त्याला, सेन्सर बसवतात. घरी काडतुसे भरणाऱ्याकडे तो नसतो. त्याच्या हातात उरते ती रिकामी पुंगळी, आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडताना हाताला जे जाणवले ते.

या खुणा कशा वाचायच्या ते पुढे सांगतो. मात्र एक गोष्ट आधी मनात पक्की बसू द्या. खूण दिसली म्हणजे मर्यादा जवळ आली असे नाही, बहुतेक वेळा ती मागे पडलेली असते. आणि खूण दिसली नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असेही नाही. .३०-३० विंचेस्टरची मर्यादा ४२,००० पौंड आहे. पितळ मात्र त्याहून बराच जास्त दाब तक्रार न करता सोसते. म्हणजे त्या काडतुसात प्रायमर (बुडातली, पिन आदळताच पावडर पेटवणारी छोटी टोपी) चपटा होण्याची वाट पाहत बसलात, तर तो चपटा होईपर्यंत मर्यादा कितीतरी मागे गेलेली असेल. जुन्या, कमी दाबासाठी बनवलेल्या रायफलींना या खुणा लावूच नयेत. तिथे लोडिंग मॅन्युअलमधला, म्हणजे पावडरची मापे देणाऱ्या पुस्तकातला, आकडा हाच शेवटचा शब्द.

पायरी १ : तुलनेसाठी पुंगळ्या जमवा

कारखान्यात भरलेली पाच काडतुसे तुमच्याच रायफलमधून उडवा आणि पुंगळ्या वेगळ्या डबीत ठेवा. बोल्ट किती सहज उघडला तेही लक्षात ठेवा. प्रत्येक रायफलचे चेंबर, फायरिंग पिन आणि तिचे भोक थोडे वेगळे असते, त्यामुळे दुसऱ्याच्या पुंगळीच्या फोटोशी आपली पुंगळी ताडून काही कळत नाही. तुमच्या रायफलमध्ये ‘नेहमीचे’ काय दिसते, हे या पाच पुंगळ्या सांगतात.

पायरी २ : खालून सुरुवात, छोट्या पायऱ्यांनी वर

मॅन्युअलमध्ये दिलेल्या सुरुवातीच्या मापापासूनच सुरू करा. ते दिलेले नसेल, तर कमाल मापापेक्षा दहा टक्के खालून. .३०८ च्या आकाराच्या पुंगळीत एका वेळी ०.३ ते ०.५ ग्रेन वाढ पुरे, .२२३ सारख्या लहान पुंगळीत ०.२. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, तेव्हा तराजू ठराविक वजनांनी तपासून घेतल्याशिवाय या कामाला बसू नका. प्रत्येक पायरीची तीन काडतुसे भरा आणि पुंगळीवर मार्करने माप लिहा. लोडिंग ब्लॉकमध्ये (काडतुसे उभी ठेवायच्या भोकांच्या पाटीत) ओळीने ठेवली आहेत, लक्षात राहील, असे वाटते. नाही राहत.

एकाच वेळी एकच गोष्ट बदलायची. पुंगळीची कंपनी, प्रायमर, गोळी, पावडरचा लॉट, यातले काहीही बदलले की माप पुन्हा खाली आणावे लागते. लष्करी पुंगळ्यांच्या भिंती अनेकदा जाड असतात. आतली जागा कमी होते, आणि तेवढ्याच पावडरने दाब जास्त चढतो. गोळी पुढे नळीच्या आट्यांना टेकेल इतकी बाहेर बसवली, तरी दाब वाढतो.

पायरी ३ : चाप ओढण्याआधी

डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. चेंबरमधले तेल कोरड्या कापडाने पुसून काढा. तेलकट किंवा ओल्या चेंबरमध्ये पुंगळीच्या भिंतींना पकड मिळत नाही, ती मागे सरकते आणि सगळा जोर बोल्टवर येतो. मग खुणा दिसतात, पण त्या पावडरच्या नसतात. काडतुसे सावलीत ठेवा. तापलेल्या चेंबरमध्ये पुढचे काडतूस बराच वेळ पडू देऊ नका, कारण गरम पावडर जोराने जळते.

पायरी ४ : बोल्ट काय सांगतो

सगळ्यात आधी बोलतो तो हात. साधारण दाबाला पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब ओसरताच थोडी आकसते. पितळाची ही लवचीकता संपली की ते फुगलेलेच राहते. चेंबरचे पोलाद मात्र पूर्वपदावर येते आणि पुंगळीला आवळून धरते. म्हणून बोल्टचे हँडल वर उचलताना जड लागते.

हँडल जरा जरी अडले तरी तिथेच थांबायचे. ‘एकदाच अडले, पुढच्याला बघू’ हा विचार मनात येतो, मीही केला आहे. पुढच्या काडतुसाला हँडल तळहाताने ठोकून उघडावे लागले. ती पुंगळी मी मुद्दाम जपून ठेवली आहे. तिच्या बुडावर, कंपनीच्या नावाच्या अक्षरांवरच, मुगाच्या दाण्याएवढा एक गोल चकाकणारा डाग आहे. बोट फिरवले की त्याची कड टोचते.

पायरी ५ : बूड तिरप्या उजेडात पाहा

तो डाग इजेक्टरचा, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा. स्प्रिंगवर चालणारा इजेक्टर बोल्टच्या तोंडावरच्या एका भोकात बसतो. जास्त दाबाखाली बुडाचे पितळ त्या भोकात ढकलले जाते. हँडल फिरताना तो उंचवटा घासला जातो आणि चकाकतो. भिंग घ्या, दिवा एका बाजूला धरा, आणि पुंगळी हळूहळू फिरवा. समोरून पडलेल्या उजेडात फिकट डाग हमखास नजरेतून सुटतो. खुणांमध्ये हीच मला सर्वांत भरवशाची वाटते. अर्थात माउझर पद्धतीच्या, पात्यासारखा इजेक्टर असलेल्या बोल्टला तोंडावर असे भोकच नसते. तिथे डाग नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

पायरी ६ : प्रायमर, पण सावधपणे

नवशिक्या आधी प्रायमरकडे बघतो, आणि नेमका तिथेच फसतो. निरोगी प्रायमरची कड गोलसर असते, पुंगळीच्या आणि तिच्या मध्ये बारीक खाच दिसते. दाब वाढला की ती कड पसरून खाच भरते आणि प्रायमर चपटा दिसतो. पण काही प्रायमरचे कपच मऊ असतात, ते साध्या लोडलाही (पावडरच्या साध्या मापालाही) चपटे होतात. पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) साइझिंग करताना, म्हणजे वापरलेली पुंगळी साच्यात दाबून मापात आणताना, जास्त मागे ढकलला गेला असेल, तर प्रायमर आधी मागे सरकतो आणि पुंगळी मागे येऊन त्याच्यावर आदळते. तोही चपटाच दिसतो, दाब मात्र नेहमीचाच असतो.

पिनच्या खड्ड्याभोवती उभी राहिलेली कड, म्हणजे ‘क्रेटर’, तशीच फसवी. पिनचे भोक सैल असले किंवा तिची स्प्रिंग कमजोर झाली असली, तर कारखान्याच्या काडतुसालाही क्रेटर येतो. पहिल्या पायरीतल्या पाच पुंगळ्या इथे उपयोगी पडतात. त्यांच्यावरही तेवढीच कड असेल तर रायफल तपासून घ्या. त्यांच्यावर नसेल आणि तुमच्या पुंगळीवर असेल, तर माप खाली आणा.

प्रायमरला भोक पडले किंवा भोवती काजळीची रेघ दिसली, तर वाद घालत बसू नका. पिनचे टोक खराब असले तरी भोक पडते हे खरे, पण कारण काहीही असो, तापलेला वायू तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने सुटलेला असतो. १८९८ च्या माउझर बोल्टला वायू बाजूला वळवणारी छिद्रे आणि मागे रुंद पाळी ठेवली, ती याच धोक्यामुळे.

पायरी ७ : खळगा आणि वेग

त्याच पुंगळीच्या बुडातल्या खळग्यात नवा प्रायमर बसवताना हाताला विरोध जाणवला पाहिजे. पहिल्या दोन-तीन भरण्यांतच तो बोटाने सरकावा तसा आत गेला, तर बूड पसरले आहे. ती पुंगळी पक्कडीने चेपून टाकून द्या, म्हणजे चुकून पुन्हा भरली जाणार नाही.

माझ्या मते क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, ही चैन नाही. जादा वेग फुकट मिळत नाही, तो दाबातूनच येतो. मॅन्युअलइतकीच नळी आणि तीच गोळी असताना कमाल मापाला दिलेला वेग तुम्ही आधीच गाठला असेल, तर पावडर कमी असली तरी तुम्ही कमाल दाबाच्या आसपास आहात. पुंगळी स्वच्छ दिसत असली तरीही. पायरीगणिक वेग साधारण सारख्या अंतराने वाढायला हवा. एखाद्या पायरीला त्याने अचानक उडी घेतली, तर पुढची काडतुसे पेटीतच राहू द्या.

कमी दाबाच्या खुणाही ओळखा

पुंगळीच्या मानेवर आणि खांद्यावर काजळी, किंवा प्रायमर बुडाच्या किंचित बाहेर आलेला, या बहुधा कमी दाबाच्या खुणा. बुडाच्या थोडे वर सगळीकडून फिरलेली चकचकीत रेघ दिसली, तर पुंगळी ताणून पातळ होत आली आहे. तारेचे टोक वाकवून आतून फिरवा. खाच लागली तर ती पुंगळी पुढच्या वेळी दोन तुकडे होऊन निघेल. हे बहुतेकदा साइझिंगचे दुखणे असते. चापानंतर आवाज दबका आला, तर नळीत गोळी अडकली नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढचे काडतूस घालू नका.

खूण सापडल्यावर

त्या मापाची आणि त्यावरची उरलेली सगळी काडतुसे बाजूला काढा. एकही उडवू नका, ‘संपवून टाकू’ म्हणूनही नाही. आधी कारण शोधा : तराजू, पुंगळीची लांबी, गोळी किती आत बसली आहे, पावडरच्या डब्यावरचे नाव. पुंगळी ठराविक लांबीपेक्षा वाढली असेल, तर तिचे तोंड चेंबरच्या पुढच्या कडेत दाबले जाते आणि गोळीला घट्ट धरते, दाब लगेच चढतो. काहीच चुकलेले नसेल, तर तुमच्या रायफलची कमाल मर्यादा मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा खाली आहे असे मानून, पहिली खूण दिसली त्याच्या निदान दोन पायऱ्या खाली या. उन्हाळ्याच्या दिवसात तो लोड पुन्हा तपासा.

बाजूला काढलेल्या काडतुसांतल्या गोळ्या बुलेट पुलरने काढून घ्या, गोळी आणि पुंगळी पुन्हा वापरता येते. पावडर कोणत्या डब्यातली याची पुंगळीवर नोंद असेल, तरच ती त्या डब्यात परत घाला. जराही शंका असेल तर ती वाया गेली तरी चालेल.