ड्रमकिटचा रॅक घरीच, लाकडात

सांगलीत वखारीत जुन्या वाड्याची सागवानी फळकुटं मिळाली तर तीच घ्या. ओलं लाकूड वाळताना पीळ मारतं, मग टॉम, म्हणजे किटमधला छोटा ड्रम, तिरका बसतो. रॅक म्हणजे टॉम आणि झांजा टांगायची चौकट: दोन खांब, एक आडवी दांडी, खाली पाय, बस. टॉम आणि झांजा वाजवणाऱ्याच्या बाजूला लटकतात, म्हणून पाय त्याच बाजूला जास्त लांब ठेवा. माझा पहिला रॅक तिथले पाय आखूड ठेवल्याने मांडीवर आला होता!

दांडीची जाडी आधी क्लॅम्प, म्हणजे टॉम-झांजा दांडीला धरून ठेवणारी पकड, बघून ठरवा. बाजारातले बरेच क्लॅम्प दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटर पाइपचे असतात. खरादीवर तेवढीच गोल दांडी करून घ्या आणि क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, नाहीतर क्लॅम्प लाकडात रुततो. पट्टीपुरती दांडी तिथे कानसेने उतरवायची. वजन जास्त असेल तर लाकडाचा हट्ट नको, जिन्याच्या कठड्याचा स्टीलचा दीड इंची पाइप घाला. नळाचा पाइप मात्र नको, त्याचं माप आतल्या व्यासाचं, बाहेरून जुळत नाही.

बेस ड्रम, म्हणजे खाली ठेवायचा मोठा ड्रम, २२ इंची असेल तर दांडी जमिनीपासून साधारण २६ इंचांवर. सांधे फेविकॉलने चिकटवू नका. वॉशर घालून आरपार बोल्ट मारा, गणपतीत टेम्पोत घालायचा तर सुटा व्हायला हवा.