नमुने गोळा करायला कड्यावर जाणारा कलेक्टर आणि हर्बेरियममधले (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले) आपण : टॅक्सॉनॉमीत नवीन येणाऱ्यांसाठी

बॉटनीत एमेस्सी करून टॅक्सॉनॉमीत, म्हणजे वनस्पतींची ओळख आणि वर्गीकरण करण्यात, यायचं ठरवलंय त्यांच्यासाठी लिहितेय. सह्याद्रीतल्या कितीतरी भारी वनस्पती कड्याकपारीत असतात, शिंदळ माकुडी घ्या किंवा कंदीलपुष्पाच्या काही जाती, आणि तिथे दोर लावून उतरणं सगळ्यांना जमत नाही. मी एका क्लाइंबर दादाबरोबर काम करते, तो वरून नमुने आणतो आणि मी खाली बसून ओळख पटवते, आणि माझं ठाम मत आहे की ही जोडी नुसत्या सुकलेल्या फांदीवर चालत नाही. झाड उभं असताना त्याने जे पाहिलं ते तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

अमेरिकेतली वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टोरी आणि मोहिमा काढणारा जॉन फ्रेमाँट ही जोडी बघा. फ्रेमाँट पश्चिमेकडे जायचा आणि टोरी तिकडे न्यूयॉर्कला बसून त्याचे नमुने तपासायचा. १८४३-४४ च्या मोहिमेत नमुन्यांचा गठ्ठा लादलेलं एक खेचर सिएरा नेवाडा डोंगररांगेत कड्यावरून कोसळलं, सुमारे दोन हजार मैलांच्या वाटेवरचं कलेक्शन गेलं, आणि उरलेल्यातलं बरंचसं परतताना कॅन्सस नदीच्या पुरात भिजलं. तरी जे वाचलं त्यातून पायनस मोनोफायला हा एकाच सुईचा पाइन १८४५ मध्ये दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या बिया तिथल्या आदिवासींचं मुख्य अन्न आहे हे फ्रेमाँटने स्वतः पाहून लिहून ठेवलं होतं, न्यूयॉर्कमध्ये बसून ते टोरीला कळलं असतं का?

म्हणून प्रत्येक नमुन्याचे डुप्लिकेट घ्यायचेच, आणि दोन वेगळ्या सॅकमध्ये ठेवायचे. फील्डबुकचं पान रोज संध्याकाळी फोटो काढून पाठवायला सांगा. फुलाचा रंग, वास, चीक आहे का, खडक कुठला, उतार कुठल्या दिशेला, गावात काय म्हणतात, हे सगळं तिथल्या तिथेच लिहायचं कारण नमुना दाबून सुकवायच्या प्रेसमध्ये रंग उडतो. कंदीलपुष्पाचं फूल तर दाबलं की चपटं होतं आणि आतला करोना (फुलातला मुकुटासारखा भाग) नीट बघताच येत नाही, त्यामुळे एकदोन फुलं स्पिरिटच्या बाटलीत हवीतच. आणि कंद उपटायचा नाही! झाडं मोजकीच दिसली तर फोटो पुरे.

परवानगीचं आधी बघा. वनखात्याचं पत्र हातात नसेल तर जायचं नाही, अभयारण्यात तर वेगळी परवानगी लागते. हे काम आपलं, चढणाऱ्यावर ढकलू नका.

क्रेडिटचं बोलणं पहिल्याच भेटीत करा. कलेक्टरचं नाव आणि त्याचा फील्ड नंबर शीटवर (सुकवलेला नमुना चिकटवलेल्या कागदावर) कायम राहतो आणि नवी जात निघाली तर टाइप स्पेसिमेन, म्हणजे त्या जातीच्या नावाचा आधार असलेला नमुना, त्याच नाव-नंबराने पेपरमध्ये येतं, हे त्याला नीट समजावून सांगा. पेपरात लेखक म्हणून नाव येणार का तेही तेव्हाच ठरवा, नंतर विषय काढला की मनं दुखावतात. शीट पुण्याच्या बीएसआयमध्ये (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) किंवा मुंबईच्या झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जमा केलं की ॲक्सेशन नंबर (संग्रहातला नोंदणी क्रमांक) त्यालाही कळवा, आणि ओळख कुठे अडली तेसुद्धा, म्हणजे पावसाळा संपल्यावर तो परत त्याच कड्यावर जाईल तेव्हा फळ आणि बी मुद्दाम बघून येईल.